मंदाताई आणि बोरखडी फाट्याच्या चार शक्ती

मंदाताईंच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "मुंडकी किती?" नवखा माणूस हे ऐकून दचकायचा. जाणत्याला मात्र ठाऊक असे, की वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वरच्या पट्टीत नेत्यांचे फोटो लागतात, आणि ते किती हे आधी ठरलं नाही तर खाली ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच जागा उरत नाही. मग गिऱ्हाईक बोटं मोजायला लागे. मंदाताई तोवर सुपारी कातरत बसत.

मी तेव्हा कळंबच्या तहसीलमध्ये कारकून होतो आणि त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. खोलीला खिडकी एकच, आणि तिच्याबाहेर कायम कोणाचा तरी वाढदिवस लटकलेला. फ्लेक्सच्या पाठीमागून उजेड आला की माझ्या भिंतीवर उलट्या अक्षरांत 'शुभेच्छुक' उमटायचे. तक्रार केली तर मंदाताई म्हणायच्या, "बाबूजी, तुम्हाले ऊन लागते का शांती? शांती लागत असन तं लटकू द्या."

वय पन्नाशीच्या पुढे. सुती साडी, त्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, चष्मा डोक्यावर आणि तोच शोधत सगळं दुकान पालथं घालायची सवय. कॉम्प्युटर त्या अपघातानं शिकल्या. बचत गटातर्फे शिवणाचा वर्ग निघाला होता, तो भरला म्हणून उरलेल्या बायकांना कॉम्प्युटरच्या वर्गात बसवलं. शिवण शिकलेल्या बाया अजून फॉल-पिको करतात, आणि जागा न मिळालेल्या मंदाताई तालुक्याचं राजकारण चालवू लागल्या. चालवू लागल्या असं मी म्हणतो, त्या म्हणत नसत. त्या म्हणत, "देव किती ते पुजाऱ्याले इचारा. पुढारी किती ते मले इचारा."

फ्लेक्स टांगायचं काम त्यांच्या यजमानांचं, विनायकभाऊंचं. हा माणूस दिवसभर शिडीवर आणि तोंडात बांधायची तार. त्यामुळे "तिरपं?" या एका शब्दाखेरीज मी त्यांच्या तोंडून काही ऐकल्याचं आठवत नाही. मंदाताई खालून म्हणत, "डावीकून वर घ्या." ते घेत. असा सुखी संसार मी तालुक्यात दुसरा पाहिला नाही.

एकदा एका संस्थेचे उपाध्यक्ष फूटपट्टी घेऊन दुकानात आले. आदल्या दिवशी लागलेल्या फ्लेक्सवर त्यांचं डोकं अध्यक्षांच्या डोक्यापेक्षा बोटभर लहान भरलं होतं. भर चौकात शिडी लावून त्यांनी ते मोजून घेतलं होतं. मंदाताईंनी फाइल उघडली, चष्मा शोधला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, डोकं मोठं कराले मले काही तरास नाही. पण मंग टक्कलबी मोठं होते. चालते का?" उपाध्यक्षांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि आहे तेच राहू द्या म्हणून सांगितलं. जाताना फूटपट्टी विसरले, ती पुढे कित्येक दिवस मंदाताईंनी पाठ खाजवायला वापरली.

एक खोड मात्र त्यांना होती. समोर आलेला प्रत्येक चेहरा त्या उजळ करत. विचारतसुद्धा नसत. त्यांच्या फ्लेक्सवरचा कळंब तालुका पाहिला तर आपण काश्मीरला आलो की काय असं वाटे. मी एकदा टोकलं तेव्हा म्हणाल्या, "लोकायले आरशात दिसते तसं पायजे असतं तं त्यायनं आरसाच टांगला असता ना बाबूजी."

बोरखडीच्या पोरी या दुकानात कशा शिरल्या, ते सांगतो. बोरखडी हे कळंबच्या अलीकडचं गाव, फाट्यापासून आत. तिथल्या चार पोरी बारावी सायन्सला कळंबला येत. कॉलेज सुटलं की परतीच्या गाडीला वेळ असे आणि बसायला सावली फक्त मंदाताईंच्या दुकानात. परतीचं ठीक होतं, स्टँडवर गाडी उभीच असे. रड होती सकाळची. फाट्यावर सकाळची जी एकच गाडी सोयीची होती, तिचा ड्रायव्हर या पोरी दिसल्या की आभाळाकडे पाहायचा. पोरींकडे पास. पासवाल्या पोरी म्हणजे गर्दीत फुकटची गर्दी, असा त्याचा हिशेब. कधी थांबायचा, बरेचदा नाही. पोरी हात करत, गाडी धूळ करत निघून जाई.

चौघींतली पल्लवी सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत कमी बोलणारी. तिचे वडील रामदासभाऊ ट्रॅक्टर चालवत. माणूस वाईट नव्हता, पोरीचं कौतुकही होतं. पण कॉलेजातून गैरहजेरीबद्दल दोनदा बोलावणं आलं, आणि दोन्हीदा त्यांना कामाचा दिवस मोडून यावं लागलं. दुसऱ्यांदा ते मंदाताईंच्या दुकानात पाणी प्यायला थांबले, तेव्हा मीही तिथंच होतो. म्हणाले, "ताई, गाडी थांबत नाही हे मले समजते. पण वर्ष वाया गेलं तं मुकुटबनचं स्थळ आलेलं हाय. मंग मी कोणाचं आयकणार नाही." पल्लवी बाकावर बसून मोबाइलकडे पाहत होती. तिनं मान वर केली नाही.

त्या मोबाइलवर पोरी जपानी चित्रकथा वाचत. रामदासभाऊ गेल्यावर मंदाताईंनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि ताप चढावा तसं त्यांना ते चढलं. आठवडाभर दुकानात दुसरा विषय नाही. मला जिन्यात अडवून दाखवत. "हे पाहा बाबूजी. जपानची पोट्टी. शाळेच्या डरेसवर राक्षस मारून राह्यली. अन् आमच्या पोट्ट्या शाळेच्या डरेसवर फाट्यावर धूळ खाऊन राह्यल्या. फरक कायचा हाय? हिचे डोळे मोठे हायेत, एवढाच. डोळे मोठे कराले मले काय लागते?"

आणि खरंच, लगेच कामाला लागल्या. चौघींचे फोटो काढले, त्यावरून चित्रं केली. डोळे वाटीएवढे, नाक नावापुरतं, केस वाऱ्यावर. पण वीस वर्षांची सवय बोटांतून जाते थोडीच. पहिल्या पानावर चारी नायिका आभाळातून उडत येत होत्या, त्या हात जोडून. पोरी हसून हसून लोळल्या. वरची पट्टीही त्यांनी सवयीनं रिकामी सोडली होती. पोरींनी विचारलं हे काय, तर म्हणाल्या, "राहू द्या बापा, कोणाचं मुंडकं कधी येईन सांगता येते का?"

शक्ती कोणाला कोणती द्यायची यावर मोठा खल झाला. जपानी नायिका डोंगर उचलतात, बर्फाचे बाण सोडतात. मंदाताई म्हणाल्या, "डोंगर उचलून ठेवता कुठी? रोज कामी पडन असं सांगा." मग ठरलं. एकीनं डोळे वटारले की डीजे बंद पडतो. दुसरीनं खांबाला हात लावला की गेलेली लाइन येते. तिसरीची शक्ती मला सगळ्यांत आवडली. रस्त्यात तिच्याकडे जो टक लावून पाहील, त्याच्या शेजारी त्याची आई प्रकट होते. आणि पल्लवीनं तळहात वर केला की कोणतीही गाडी जागच्या जागी थांबते.

राक्षसाचं नाव 'उद्यायाऽसुर'. त्याच्याकडे कोणतंही काम घेऊन गेलं की तो "उद्या या" म्हणतो आणि समोरच्याचं एक वर्ष गिळतो. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. चष्मा, विरळ केस, कानावर पेन. मी जाब विचारला तर मंदाताई म्हणाल्या, "मापाचा चेहरा हाताशी हा एकच होता. तुम्ही बसता तरी निवांत." राक्षस असलो तरी मला त्यांनी दोन छटा उजळ केलं होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

उजळ करण्यावरूनच एक अडचण आली. त्यांनी चौघींनाही दुधात धुऊन काढलं होतं. पल्लवीनं पानं पाहिली आणि म्हणाली, "काकू, मले माह्याच रंगाची काढा. नाही तं डरायव्हर मले वळखन कसा?"  मंदाताई चष्मा शोधायला लागल्या. तो डोक्यावरच होता, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी चौघींचे रंग परत केले.

बोरखडीत बातमी पसरली तशा सूचना यायला लागल्या. तंटामुक्तीचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले. मुलींना शक्ती देण्याला त्यांचा विरोध नव्हता, पण त्या वळणाच्या असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. उदाहरणार्थ, एका मिनिटात शंभर पोळ्या. किंवा रागावलेली सासू हसते. शिवाय ओढणी हवी. मंदाताईंनी ओढणी दिली. चौघींनाही दिली, लांबलचक, पाठीवर बांधलेली आणि वाऱ्यावर फडकणारी. अध्यक्ष ती पाहून समाधानानं गेले. पोळ्यांचं मात्र राहून गेलं.

पुस्तक छापायचं कोण आणि वाचायचं कोण? मंदाताईंनी तो विचारच केला नाही. त्यांना एकच छपाई ठाऊक. चित्रकथेची चार पानं चार फ्लेक्सवर यवतमाळहून छापून आणली आणि विनायकभाऊंनी बोरखडी फाट्यावर रस्त्याच्या कडेनं ओळीनं टांगली. जपानी गोष्ट उजवीकडून डावीकडे वाचतात, असा पोरींचा हट्ट, म्हणून विनायकभाऊंना एकदा लावलेले चारही काढून उलट्या क्रमानं लावावे लागले. ते शिडीवरून म्हणाले, "तिरपं?" मंदाताई म्हणाल्या, "उलटं. पण बरोबर हाय."

आता मूळ घोटाळा इथं झाला. आमच्या भागात रस्त्याच्या कडेला फ्लेक्स लागला आणि त्यावर चेहरे असले, तर माणूस दोनच गोष्टी समजतो. वाढदिवस नाही तर निवडणूक. गोष्ट सांगायला कोणी फ्लेक्स लावील, हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आणि या फ्लेक्सवर वरची पट्टी रिकामी. म्हणजे मामला गंभीर. चार पोरी, एकीनं हात वर केलेला, ओढण्या फडकतायत, आणि वर कोणाचंच मुंडकं नाही? याचा अर्थ कोणीतरी इतका मोठा माणूस पाठीशी आहे, की त्याला फोटोची गरजच नाही. तालुक्यातल्या सगळ्या शहाण्यांनी दोन दिवसांत हा निष्कर्ष काढला.

तिसऱ्या दिवशी फाट्यावर सकाळची गाडी थांबली.

नुसती थांबली नाही. ड्रायव्हरनं खाली वाकून विचारलं, "बसल्या का ताई सगळ्या?" पल्लवीनं हे दुकानात येऊन सांगितलं तेव्हा पोरी टाळ्या पिटत होत्या. मंदाताईंनी सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. "कोण ताई?" "आम्हीच." मंदाताई म्हणाल्या, "मी वीस वर्षं लोकायचे डोके मोठे करून राह्यली. मले आज समजलं ते कायले करतेत."

पुढे दोन महिने गाडी रोज थांबली. पल्लवीची हजेरी भरून निघाली. रामदासभाऊंनी मुकुटबनच्या लोकांना जरा थांबा म्हणून निरोप पाठवला. इकडे येत्या निवडणुकीची इच्छुक मंडळी एकेक करून दुकानात यायची, खुर्ची ओढून बसायची आणि आवाज खाली आणून विचारायची, "ताई, ह्या चार पोरी कोणाच्या? कोणत्या गटातून उभ्या राहून राह्यल्या?" मंदाताई कोणाशी खोटं बोलल्या नाहीत. "अजून अठराच्या व्हायच्या हायेत, भाऊ," एवढंच म्हणायच्या. त्यावरून लोकांनी तर्क केला की तयारी पुढच्या निवडणुकीची आहे, म्हणजे माणूस दूरदृष्टीचा आहे.

मग आचारसंहिता लागली.

तहसीलमध्ये तक्रार आली. तिघा इच्छुकांनी मिळून केली होती, एरवी ते एकमेकांच्या सावलीला उभे राहत नसत. चार अज्ञात महिला विनापरवाना प्रचार करत असून, त्यांतल्या एकीनं वर केलेला पंजा हे चिन्ह असल्याचा संशय आहे, असं तीत लिहिलं होतं. नायब तहसीलदार साहेबांनी फाइलवर शेरा मारला, "हात झाकावा." फक्त हात. बाकी पोरगी राहिली तरी हरकत नव्हती. हे काम आमच्या पथकाकडे आलं. पथक म्हणजे नायब साहेब, मी, एक व्हिडिओवाला आणि खळीची बादली व जुनी वर्तमानपत्रं घेतलेला एक माणूस. माझी झरी जामणीला बदली झालेली होती, सामान आदल्याच दिवशी गेलं होतं, आणि हे कळंबमधलं माझं शेवटचं सरकारी काम होतं.

आम्ही सकाळीच फाट्यावर पोहोचलो. चौघी तिथं उभ्या होत्या, पांढऱ्या कोटांच्या घड्या हातात. त्या दिवशी फिजिक्सची प्रॅक्टिकल होती. बाहेरचा परीक्षक एकदाच येतो, ती चुकली की वर्ष गेलं. मंदाताईही आल्या होत्या. त्यांना कोणी सांगितलं मला माहीत नाही, म्हणजे माहीत आहे, पण ते राहू द्या. त्या नायब साहेबांना म्हणाल्या, "साहेब, झाका. माह्यं काही म्हणणं नाही. पण गाडी जाऊ द्या पहिले. पाच मिनिटाची गोष्ट हाय." साहेबांनी घड्याळ पाहिलं. अजून अकरा गावं व्हायची होती. त्यांनी खळवाल्याला खूण केली.

शिडी लागली. व्हिडिओवाला चित्रीकरण करू लागला. आमच्या माणसानं चित्रातल्या पल्लवीच्या हातावर कागद चिकटवायला सुरुवात केली. एका फ्लेक्सवर झाला, दुसऱ्यावर झाला. मंदाताईंनी त्याच्या हातून बादली हिसकावली, तेवढ्यात वळणावर गाडी दिसली.

गाडीचा वेग आधी कमी झाला. रोजच्यासारखा. मग ड्रायव्हरला सरकारी जीप दिसली, शिडी दिसली, कागद चिकटलेला दिसला. आमच्याकडे ज्याचा फ्लेक्स झाकला गेला त्याची वट संपली, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. गिअर बदलल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. गाडीनं वेग घेतला आणि ड्रायव्हरनं जुन्या सवयीनं आभाळाकडे पाहिलं.

तिघी मागे सरल्या. पल्लवी सरली नाही. ती कडेवरून उतरून रस्त्याच्या मधोमध गेली, गाडीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं तळहात वर केला. डोळे तिचे मुळीच वाटीएवढे नव्हते.    हॉर्न वाजत राहिला, मग ब्रेक लागले, आणि रबराचा जळका वास सगळ्या फाट्यावर पसरला. गाडी तिच्यापासून दोन पावलांवर उभी होती.

ड्रायव्हर खिडकीतून बाहेर लटकला. "मरतं का वो पोट्टे?"

"नाही," पल्लवी म्हणाली. "परीक्षा हाय."

ती हात खाली न घेता गाडीला वळसा घालून दाराशी गेली, मैत्रिणी चढेपर्यंत तशीच उभी राहिली आणि शेवटी चढली. व्हिडिओवाल्यानं नायब साहेबांना हळूच विचारलं, "सर, हा हात घ्यायचा का रेकॉर्डवर?" साहेबांनी पुष्कळ विचार केला. चित्रातला हात झाकण्याचा आदेश होता. या हाताबद्दल वरून काहीच आलेलं नव्हतं.

पल्लवीची प्रॅक्टिकल झाली. पुढे ती बारावी पास झाली आणि मुकुटबनच्या मंडळींनी दुसरीकडे जमवलं, हे मला झरी जामणीत कळलं. फाट्यावरच्या त्या दिवशी संध्याकाळी मी कळंबहून निघालो तेव्हा दुकानाचं शटर बंद होतं, नवरा-बायको दोघं बोरखडीला गेली होती, त्यामुळे निरोप घेणं झालं नाही. फार चुकल्यासारखं वाटलं.

म्हणून मंदाताई म्हटलं की मला त्या फाट्यावरच्याच दिसतात. नवऱ्याचा शर्ट, डोक्यावर चष्मा, एका हातात आमची खळीची बादली, सांडलेल्या खळीनं साडी माखलेली. पल्लवी रस्त्यावर उतरली तेव्हा नकळत त्यांचाही दुसरा हात वर गेला होता. गाडी गेली, धूळ बसली, नायब साहेबांनी पुढच्या गावाला निघायला सांगितलं. आम्ही जीपमध्ये बसलो, जीप वळली, मी मागे वळून पाहिलं, तरी तो हात वरच होता.